विश्लेषण : हेडिंगची यादी केली की वाक्यं भलत्याच मुद्द्याखाली का जातात?

गेल्या जूनमधली गोष्ट. प्रवेशप्रक्रियेला लागणाऱ्या कागदपत्रांवर आमच्या डेस्कवरून एक माहितीपर बातमी जायची होती. माझ्या नोंदी आउटलाइन एडिटरमध्ये तयार होत्या. प्रत्येक प्रमाणपत्राला एक हेडिंग आणि त्याखाली दोन-तीन ओळी. सहा हेडिंग्ज मोबाइलच्या स्क्रीनवर फार लांबलचक दिसत होती, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत मी ती सगळी बुलेट लिस्टमध्ये बदलली. बातमी गेली.

पाऊण तासाने एका पालकांचा फोन आला. ‘मॅडम, मूळ प्रमाणपत्र नसेल तर सगळ्याच कागदपत्रांना अर्जाची पावती चालते ना?’ चालत नव्हती. ती सवलत त्या वर्षी एकाच प्रमाणपत्रापुरती होती आणि माझ्या नोंदीत ती त्याच प्रमाणपत्राखाली होती. पण ते प्रमाणपत्र यादीत शेवटचं होतं. हेडिंगचं बुलेट झालं, त्याखालचं वाक्य मात्र डाव्या कडेलाच राहिलं आणि संपूर्ण यादीखालची सर्वसाधारण सूचना बनून बसलं. मी एक अक्षरही बदललं नव्हतं. बदल झाला होता तो दोन स्पेसचा.

हा घोळ घालणारी मी पहिली नाही. मीटिंगच्या नोट्स, अभ्यासाच्या टाचणी, सोसायटीच्या नियमांचा मसुदा असं काहीही मुद्द्यांच्या स्वरूपात लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. हे नेमकं का होतं आणि दुरुस्त कसं करायचं, ते पाहू.

आउटलाइन एडिटर म्हणजे काय?

मुद्दे, त्यांचे उपमुद्दे आणि त्यांच्या घड्या घालण्याची सोय, एवढं ज्यात आहे ते आउटलाइन एडिटर. कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी एक प्रात्यक्षिक दिलं. माउस जगाला दाखवला म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच प्रात्यक्षिकात त्यांनी पडद्यावर वाणसामानाची यादी घेऊन तिचे गट पाडून दाखवले होते. आज वर्कफ्लोई, लॉगसेक, ऑब्सिडियन ही त्याच कुळातली अॅप्स. वर्डमध्येही ‘आउटलाइन व्ह्यू’ असतो, बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो इतकंच.

आपल्या प्रश्नासाठी यातला एक फरक महत्त्वाचा आहे. वर्कफ्लोईसारख्या अॅपमध्ये प्रत्येक मुद्दा हा स्वतंत्र डबा असतो आणि कोणता डबा कोणाच्या पोटात आहे हे अॅप लक्षात ठेवतं. तुम्हाला दिसणारा समास हा त्या माहितीचं फक्त चित्र. साध्या मजकुरावर चालणाऱ्या पद्धतींमध्ये मात्र उलटं आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेलं मार्कडाउन किंवा कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केलेला ईमॅक्समधला ऑर्ग-मोड यांच्यात ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस हीच माहिती. स्पेस गेल्या की नातं गेलं. ऑब्सिडियन मार्कडाउनवर चालतं, चॅटबॉटची उत्तरंही बहुधा मार्कडाउनमध्येच येतात आणि कित्येक वेबसाइट्सच्या बातम्या त्यातच लिहिल्या जातात. म्हणजे नाव ऐकलं नसलं तरी तुम्ही ते वापरत असण्याची शक्यता बरीच आहे.

मजकूर सरकतो तो का?

हेडिंगचा हक्क साधा असतो. पुढचं हेडिंग येईपर्यंत जे काही लिहिलंय ते सगळं त्याचं. त्याखालची ओळ डाव्या कडेला असो वा थोडी आत, फरक पडत नाही.

लिस्टमधल्या मुद्द्याला असा आपोआप हक्क मिळत नाही. त्याच्याखालची ओळ बुलेटपेक्षा आत असेल तरच ती त्याची. हेडिंगखाली समास ही सजावट असते, लिस्टखाली ते व्याकरण असतं. बदलताना बहुतेक जण फक्त चिन्ह बदलतात आणि खालचा मजकूर जुन्याच जागी राहतो.

उदाहरण बघा. खाली जिथे · आहे, तिथे एक स्पेस समजा.

# उत्पन्नाचा दाखला

मूळ प्रत सोबत ठेवा.

याचं घाईत केलेलं रूपांतर :

- उत्पन्नाचा दाखला

मूळ प्रत सोबत ठेवा.

इथे दुसरं वाक्य लिस्टच्या बाहेर पडलं. बरोबर रूप असं :

- उत्पन्नाचा दाखला

··मूळ प्रत सोबत ठेवा.

यात एक खोडी आहे. मधली रिकामी ओळ नसती, तर मार्कडाउनने पहिल्या चुकीच्या रूपातलंही वाक्य आधीच्या मुद्द्यालाच जोडून घेतलं असतं. म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी लपतो. ऑर्ग-मोड तेवढा दयाळू नाही. रिकामी ओळ असो वा नसो, डाव्या कडेची ओळ आली की त्याच्या लेखी लिस्ट संपते. लागोपाठ दोन रिकाम्या ओळी आल्या तरीही संपते. ऑर्गमध्ये तर ओळीच्या अगदी सुरुवातीला तारा असेल तर ते हेडिंग, आणि ताऱ्याआधी एक स्पेस असेल तर तो लिस्टमधला मुद्दा. एका स्पेसवर जात बदलते.

किती स्पेस द्यायच्या?

अनेकांना पाठ असलेला नियम आहे ‘चार स्पेस’. मूळ मार्कडाउनचा तोच होता, चार स्पेस किंवा एक टॅब. २०१४ मध्ये मार्कडाउनचे नियम काटेकोर मांडणारं कॉमनमार्क आलं. त्याचा नियम वेगळा : मुद्द्याचं पहिलं अक्षर ज्या रकान्यात आहे, त्याच्या खाली मजकूर सुरू व्हायला हवा. डॅश आणि एक स्पेस असेल तर दोन स्पेस. ‘1.’ आणि एक स्पेस असेल तर तीन.

आता गंमत बघा. क्रमांक दिलेल्या यादीत तुम्ही इमानेइतबारे तीन-तीन स्पेस देत गेलात. नवव्या मुद्द्यापर्यंत सगळं ठीक. दहाव्याला आकडा दोन अंकी झाला, पहिलं अक्षर एक घर पुढे सरकलं, आणि रिकाम्या ओळीनंतर तीन स्पेस देऊन लिहिलेला दहाव्याचा मजकूर बाहेर पडला. नऊ मुद्दे तपासून ‘झालं बरोबर’ म्हणणाऱ्याला हे सापडत नाही. शिवाय पायथॉन-मार्कडाउनसारखी साधनं अजूनही चारच स्पेस मागतात, त्यामुळे एका अॅपमध्ये नीट दिसणारी फाइल दुसरीकडे विस्कटते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. यादीचा क्रमांक म्हणून कॉमनमार्क फक्त 0 ते 9 हे अंक ओळखतं. तुम्ही ‘१.’, ‘२.’, ‘३.’ असं लिहिलंत तर ती यादी नाहीच, साधा परिच्छेद आहे. लिहिताना ओळी वेगळ्या दिसतात, पण पान तयार झाल्यावर कित्येक ठिकाणी त्या एकमेकींना चिकटून एकच लांब ओळ होते. हेच ‘(अ)’, ‘(ब)’चं. यावर उपाय असा की लिहिताना इंग्रजी अंक वापरायचे आणि ते देवनागरीत दाखवण्याचं काम वेबपानाच्या डिझाइनवर सोडायचं. ब्राउझरला यादीचे क्रमांक देवनागरीत दाखवता येतात, तशी तयार सोय आहे. तुमच्या वेबसाइटच्या डेव्हलपरला ती माहीत नसेल, तर आवर्जून सांगा.

उलट्या दिशेने, म्हणजे लिस्टची हेडिंग्ज करताना काय होतं?

आधी दिसणारा दोष : राखाडी चौकट. मार्कडाउनमध्ये स्वतंत्र ओळ चार किंवा जास्त स्पेसने सुरू झाली, तर ते तिला प्रोग्रामचा कोड समजतं. उपमुद्द्याखालचा मजकूर सहसा चार स्पेस आत असतो. त्या उपमुद्द्याचं हेडिंग केलं आणि मजकूर तसाच ठेवला, की तो कोड ठरून चौकटीत जातो. कोडची ओळ स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मोडत नाही, त्यामुळे फोनवर वाक्य वाचायला बोटाने आडवं सरकवत राहावं लागतं. तीन स्पेसपर्यंत मात्र काही बिघडत नाही.

चौकट निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारा दोष जास्त महागात पडतो.

लिस्टमध्ये उपमुद्दे संपल्यावर पुन्हा मूळ मुद्द्याकडे परतता येतं. समास कमी करून एक वाक्य लिहिलं की ते मूळ मुद्द्याचं, म्हणजे वरच्या सगळ्या उपमुद्द्यांना लागू. हेडिंगमध्ये परतीची वाट नाही. एकदा उपहेडिंग सुरू झालं की पुढचं प्रत्येक वाक्य त्याच्या पोटात. त्यामुळे ‘वरील तिन्हींना ही अट लागू’ या अर्थाने लिहिलेलं वाक्य लिस्टचं हेडिंग होताच फक्त तिसऱ्याचं होतं. इथे कितीही स्पेस घाला, उपयोग नाही. ते वाक्य उचलून उपहेडिंग्जच्या आधी न्यावं लागतं, आणि ‘वरील’ऐवजी ‘खालील’ लिहावं लागतं. हे कोणतंही बटण तुमच्यासाठी करत नाही. वाक्य कोणाचं आहे, हे समजणारा माणूसच लागतो.

कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्यांना ही धास्ती चांगली ठाऊक असते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५(२) चं उदाहरण घ्या. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही अशा जागांचे तिथे दोन उपखंड आहेत. पहिल्यात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं वगैरे. दुसऱ्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वगैरे, आणि या दुसऱ्याच्या शेवटी इंग्रजी मसुद्यात एक अट येते : पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशातून राखलेले किंवा सार्वजनिक वापरासाठी अर्पण केलेले. ही अट दुसऱ्या उपखंडाच्या आतली आहे. ती चुकून डाव्या कडेला आली, तर वाचणाऱ्याला वाटेल की दुकानं आणि हॉटेलंसुद्धा सरकारी पैशातली असतील तरच हा नियम. छापील संविधानात अर्थातच ती जागच्या जागी आहे. पण कोणी ते कॉपी करून आपल्या नोट्समध्ये टाकलं आणि समास हरवला, तर परीक्षेच्या आदल्या रात्री चुकीचा अर्थ पाठ होऊ शकतो.

संविधानाचाच विषय निघालाय म्हणून क्रमांकांबद्दलही. अनुच्छेद १९(१) मधला मालमत्तेचा हक्क देणारा उपखंड, इंग्रजी प्रतीतला ‘एफ’, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने वगळला गेला. पुढच्या ‘जी’चं अक्षर मात्र बदललं नाही. हा अनुच्छेद वर्डच्या आपोआप क्रमांक देणाऱ्या यादीत टाका, ‘जी’चा ‘एफ’ होईल. मार्कडाउनही पहिला आकडा तेवढा मानतं, पुढचे आपल्या मनाने मोजतं. तुम्ही 1, 2, 4 लिहा, पानावर १, २, ३ दिसेल. जिथे क्रमांकालाच अर्थ आहे, तिथे तो आपोआप देणारी यादी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दुरुस्ती कशी करायची?

मुळात सूत्र एकच : चिन्ह बदललं की त्याच्या मालकीच्या सगळ्या ओळी तितक्याच घरांनी सरकवायच्या. ‘तितक्याच’ महत्त्वाचं. सगळ्या ओळी एका रेषेत आणायच्या नाहीत. आतल्या उपमुद्द्यांचा आपापसातला फरक तसाच ठेवून अख्खा गठ्ठा हलवायचा.

ऑर्ग-मोडमध्ये यासाठी तयार आज्ञा आहेत. कंट्रोल-सी आणि मग वजा चिन्ह दाबलं की हेडिंगची लिस्ट, कंट्रोल-सी आणि तारा दाबला की लिस्टची हेडिंग्ज. त्या मजकूरही सोबत सरकवतात. पण आज्ञा देण्याआधी हेडिंगपासून मजकुराच्या शेवटापर्यंत सगळं सिलेक्ट करायचं, नाहीतर काम चालू ओळीपुरतंच होतं. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. मजकूर आधीच डाव्या कडेला राहून गेला असेल, तर तो सिलेक्ट करून कंट्रोल-एक्स आणि टॅब दाबा, मग बाणांनी गठ्ठा हवा तेवढा सरकवता येतो.

कॉम्प्युटरवरच्या बहुतेक मार्कडाउन एडिटरांत गठ्ठा निवडून टॅब दाबला की तो आत जातो, शिफ्ट-टॅबने बाहेर येतो. फोनच्या कीबोर्डवर सहसा टॅब नसतो. ऑब्सिडियनच्या मोबाइल टूलबारवर आत-बाहेर सरकवण्याची बटणं आहेत, ती वापरा. स्पेसबार मोजत बसू नका. फोनवरच्या अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे डोळ्यांनी रकाना जुळवणं जवळपास अशक्य असतं.

वर्डमध्ये प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे साध्या परिच्छेदाला आपला मालक कोण हे माहीतच नसतं, तो फक्त कोणाच्या तरी खाली असतो. हेडिंगला बुलेट लावलं की परिच्छेद डाव्या कडेलाच राहतो. स्पेस मारून तो आत ढकलणं ही सर्वांत वाईट युक्ती. फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं. वर्डमध्ये याच कामासाठी ‘लिस्ट कंटिन्यू’ नावाची स्टाइल आहे, दुसऱ्या-तिसऱ्या पातळीसाठी तिचे क्रमांक आहेत. मजकुराला ती लावा. तेवढं नको असेल तर मुद्दा लिहून झाल्यावर शिफ्ट-एंटर दाबून त्याच मुद्द्यात पुढची ओळ लिहा. हे गुगल डॉक्समध्येही चालतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मार्कडाउन आणि वेबपानं यांत हेडिंगच्या पातळ्या सहाच, वर्डमध्ये नऊ. लिस्ट त्याहून खोल असेल तर तिची पूर्ण हेडिंग्ज होणार नाहीत. खरं सांगायचं तर सात पातळ्या खोल गेलेल्या यादीला दुरुस्तीपेक्षा पुनर्लेखनाची गरज असते.

सगळं बरोबर दिसतंय, तरी लिस्ट तुटतेय?

मग स्पेस खरी आहे का ते बघा. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात बऱ्याचदा ‘न तुटणारी स्पेस’ येते. दिसायला ती साध्या स्पेससारखीच, पण मार्कडाउन तिला समास म्हणून मोजत नाही. ती पुसून साधी स्पेस दिली की लिस्ट जुळते.

मात्र ‘सगळी अदृश्य अक्षरं काढून टाका’ असं सांगणारी ऑनलाइन साधनं मराठीवर वापरू नका. ‘आचाऱ्यांना’ यातला अर्धा र काही कीबोर्ड एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहितात. ते चिन्ह पुसलं की शब्द ‘आचार्यांना’ होतो. स्वयंपाक्यांना द्यायचे पैसे गुरुजींच्या नावावर! यादी दुरुस्त करण्याच्या नादात हे झालेलं मी आमच्याच डेस्कवर पाहिलंय.

प्रसिद्ध करण्याआधी तपासायचं कसं?

माझी पद्धत सोपी आहे : घडी घालून बघायचं. प्रत्येक मुद्द्याशेजारचा छोटा त्रिकोण किंवा बाण दाबा. जे मिटलं ते त्या मुद्द्याचं, जे उघडं राहिलं ते त्याचं नाही. वर्डमध्ये असा त्रिकोण हेडिंगशेजारी येतो. लिस्टमध्ये घडी नसेल तर मुद्दा वर किंवा खाली हलवून बघा आणि मजकूर सोबत येतो का ते पाहा. अंध वाचकांसाठी तर याला पर्यायच नाही. स्क्रीन रीडर हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारू देतो, यादीत किती मुद्दे आहेत ते सांगतो. स्पेस मारून ‘यादीसारख्या’ दिसणाऱ्या ओळींबद्दल तो यातलं काहीच सांगू शकत नाही.

त्या जूनच्या बातमीत आम्ही तासाभरात दुरुस्ती केली आणि वर तशी टीपही टाकली. फोन केलेल्या पालकांना मी परत फोन लावला तेव्हा ते सेतू केंद्राच्या रांगेत होते. त्यांचा नंबर यायचा होता. नेमकं कोणत्या प्रमाणपत्राला पावती चालते ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि मगच फोन ठेवला.